आगीची जात

माणसाची जात विचारू नये, असे आपल्याला संतांनी शिकवले. ते अजून आपल्या पुरते अंगी लागलेले नाही, ही गोष्ट वेगळी. आगीची जात मात्र विचारावीच लागते, आणि तीही पाण्याची बादली उचलण्यापूर्वी. हे शहाणपण माणसाला फार उशिरा सुचले आणि फार महाग पडले. त्या महागाईचा सर्वांत मोठा हिशोब आपल्याच मुंबईत, व्हिक्टोरिया गोदीत, १९४४ साली चुकता झाला. त्या हिशोबाकडे जायचे आहे. पण दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा आधी घरातूनच निघू.

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले म्हणजे झरी लागते. काळ्या जमिनीचा, कापसाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी झालेली असते आणि पुढे भाव चढेल या आशेवर शेतकऱ्याने तो घरातच भरून ठेवलेला असतो. एका खोलीत आढ्यापर्यंत कापूस. पलीकडे स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर चकल्यांची कढई. ओसरीत डिझेलचा डबा. दारावर विजेचा मीटर आणि तिथूनच तार ओढून सोडलेली रंगीत दिव्यांची माळ. मागे कडब्याची गंजी, आणि गल्लीत पोरांचे बाण नि भुईनळे. लक्ष्मी यावी म्हणून दारे उघडी ठेवलेल्या त्या घरात एकाच छपराखाली पाच जातींच्या आगी दबा धरून बसलेल्या असतात. लाल रंगाचे एखादे अग्निशामक नळकांडे जरी कुणी हौसेने भिंतीला लावले असले, तरी ते या पाचांपैकी कितींना पुरेल, हे लावणाऱ्याला सांगता येईलच असे नाही.

आपल्या भाषेत आगीला शब्दांची वाण नाही. जाळ वेगळा, आर वेगळा, विस्तव वेगळा. धग लागते, भडका उडतो, फुफाटा पोळतो, आणि जी आग दिसत नाही ती धुमसते. संस्कृत पंडितांनी तर अग्नीची वर्गवारीच करून ठेवली: रानात दावानल, समुद्रात वडवानल, पोटात जठरानल. पण ही वर्गवारी आग कुठे राहते यावरून केलेली. ती काय खाते, असा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो प्रश्न विचारायला लागल्यापासून आग विझवण्याचे शास्त्र सुरू झाले.

आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, उष्णता आणि हवेतला प्राणवायू. तिघांपैकी एक काढून घेतला की आग मरते. हे तत्त्व पुस्तकात शिकवण्याच्या कितीतरी आधी खेड्यातल्या माणसाला ठाऊक होते. त्याने पेटत्या कडब्यावर पाणी ओतले ते उष्णता काढण्यासाठी; ओले गोणपाट टाकले, माती लोटली, ती हवा कोंडण्यासाठी; आणि शेजारच्या घराचे छप्पर उपसून मोकळे केले ते आगीचे जेवणच पुढून उचलून घेण्यासाठी. पूर्वीच्या घरात जळणाऱ्या वस्तू बहुतेक एकाच जातीच्या होत्या: लाकूड, गवत, कापड. म्हणून पाणी आणि माती यांवर भागत असे.

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात मोठी आग लागली आणि कोटाचा बराचसा भाग तिने खाल्ला. दाट वस्ती, लाकडी घरे. तिच्यानंतर नगराच्या रचनेचा पुष्कळ विचार झाला. आगीचे बंब प्रथम पोलिसांच्या हाताखाली, १८५५ पासून; आणि १ एप्रिल १८८७ पासून ते खाते महापालिकेकडे आले. घोड्यांचे बंब होते, पुढे वाफेचे आले, मोटारी आल्या. पण त्यांच्यातून बाहेर पडत होते ते पाणीच.

याच काळात युरोपात काही माणसे वेगळ्या वाटेने विचार करू लागली होती. लंडनच्या अँब्रोज गॉडफ्री नावाच्या रसायनज्ञाने १७२३ साली एक पिंप केले. त्यात आग विझवणारे द्रव आणि मधोमध बंदुकीच्या दारूचा डबा! पिंप आगीत ढकलायचे, आत दारू उडाली की द्रव चहूकडे फेकले जायचे. आग विझवायला बाँब, असा हा प्रकार. पुढे कॅप्टन जॉर्ज मॅनबी या इंग्रज गृहस्थाने एडिंबरो शहरात वरच्या मजल्यावरच्या आगीपुढे हतबल झालेले बंबवाले पाहिले, आणि एका माणसाला हातात धरून नेता येईल असे तांब्याचे नळकांडे बनवले. त्यात तीन गॅलन क्षाराचे पाणी आणि वर कोंडलेली हवा. आज भिंतीवर टांगलेल्या नळकांड्याचा हा पणजोबा. मोठा बंब येईपर्यंतच्या पहिल्या मिनिटांत एकटा माणूस काही करू शकतो, ही त्याची खरी कल्पना. आणि ती आजही तितकीच खरी आहे.

तरीही मॅनबीच्या नळकांड्यातही पाणीच होते. पाण्याला पहिला मोठा शह दिला तो खनिज तेलाने. कास्पियन समुद्राकाठी बाकू नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते जगातल्या तेलाच्या मोठ्या पेठांपैकी एक होते. तिथल्या तेलाच्या विहिरी पेटत आणि दिवसेंदिवस जळत राहत, कारण त्यांच्यावर पाणी चालेना. तेल पाण्याहून हलके. ओतलेले पाणी तळाशी जाते आणि तेल वर तरंगत, जळत, पाण्याबरोबर पसरत जाते. कढईतले तेल पेटले तर याहून भयंकर गत. ते तेल पाण्याच्या उकळबिंदूच्या कितीतरी वर तापलेले असते; तळाशी गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सुमारे सतराशे लिटर जागा मागते. ती जागा मिळवण्यासाठी ती जळते तेल छताला आणि माणसाच्या तोंडावर उडवते. माझ्या भगिनीवाचकांनी एवढे एकच वाक्य लक्षात ठेवले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल: पेटलेल्या कढईत पाणी ओतू नये. गॅस बंद करावा, कढईवर मोठे सपाट झाकण किंवा परात बाजूने सरकवत नेऊन ठेवावी, कढई उचलून बाहेर पळू नये, आणि ती निवेपर्यंत झाकण काढून डोकावू नये.

तर त्या बाकूमध्ये अलेक्सांद्र लोरान नावाचा एक शाळामास्तर होता. जळणाऱ्या विहिरी रोज पाहून त्याला वाटले, तेलावर तरंगेल असे काहीतरी हवे. त्याने फेस शोधून काढला. सोडा आणि तुरटीसारखा क्षार यांच्या द्रावणांचा संयोग झाला की वायू सुटतो आणि फेस उठतो. तो फेस टिकावा म्हणून त्या काळच्या कृतीत ज्येष्ठमधाचा अर्क घालत असत. खोकल्यावर उगाळून चाटायचे ते हेच ज्येष्ठमध! हा फेस जळत्या तेलावर पांघरुणासारखा पसरतो, हवा तोडतो आणि पाण्यासारखा बुडत नाही. १९०४ च्या सुमारास लोरानने तो पेटंट केला. मास्तरांच्या हातून जगात काही होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हे नाव आवर्जून सांगत असतो.

तिसरी अडचण विजेने आणली. पाणी वीज वाहून नेते. विजेच्या खोक्यावर पाणी मारणारा स्वतःच तारेला जोडला जातो. अमेरिकेत टेलिफोनच्या यंत्रांच्या आगींसाठी १९२४ साली वॉल्टर किडी यांच्या कंपनीने कार्बन डायऑक्साइड वायू दाबून भरलेले नळकांडे काढले. वायू हवेला ढकलून देतो, मागे डाग ठेवत नाही आणि वीज वाहत नाही. त्याआधीपासून पितळी पंपातून कार्बन टेट्राक्लोराइड नावाचे द्रव फवारण्याचीही पद्धत होती, आणि काचेच्या गोळ्यांतून ते आगीवर फेकतही असत. ते आग विझवी. पण तापले की त्यातून फॉस्जीन निघे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना ज्याने गुदमरवून मारले, तोच हा वायू. बंद खोलीत आग विझली आणि विझवणारा गेला, असे होऊ लागले तेव्हा लोक शुद्धीवर आले. पुढे हॅलॉन आले. त्याने माणसाला सोडले, पण आकाशातल्या ओझोनच्या थराला धरले, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचीही हकालपट्टी झाली. प्रत्येक औषधाचा काही ना काही अपाय असतोच, हे वैद्यक इथेही लागू पडते.

हे एवढे सांगितले ते एका कारणासाठी. १९४४ साली यातले बहुतेक ज्ञान उपलब्ध होते. कापसाला पाणी, तेलाला फेस, विजेला वायू, हे शहाण्या बंबवाल्याला ठाऊक होते. नव्हते ते एकच: समोर जे जळते आहे त्याच्या पोटात काय काय आहे, याची खबर.

'फोर्ट स्टिकीन' हे सात हजार टनांचे मालवाहू जहाज १९४२ साली कॅनडात बांधले गेले. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघाले. दुसऱ्या महायुद्धाचा जोर होता. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. त्यात पाणतीर होते, सुरुंग होते, तोफगोळे होते. सुट्या भागांत बांधलेली लढाऊ विमाने होती. शिवाय ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा. जहाज कराचीला आले, थोडा माल उतरला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी, वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड, लोखंडाचे भंगार, गंधक, तांदूळ, राळ असा मिळेल तो माल चढवला गेला. कप्तान अलेक्झांडर नाइस्मिथ यांना हे लक्षण बरे वाटले नव्हते. पण युद्धकाळात एक जहाज रिकाम्या जागेने जाणे म्हणजे पाप. कप्तानाचे कोण ऐकतो?

आमच्याकडचा जिनिंगवरचा साधा हमालसुद्धा सांगेल की कापसाच्या गाठीजवळ तेलाचे पिंप ठेवू नये. कापूस तेल पितो, आणि तेल प्यालेला कापूस कधी कधी ठिणगीवाचूनही आतल्या आत तापत जातो. इथे तर कापूस, तेल आणि दारूगोळा यांची एकाच पोटात सोयरीक जमवली होती.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. धोक्याचा माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. तो या जहाजावर नव्हता. दोन दिवस गेले. १४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास आसपासच्या जहाजांवरच्या काही लोकांना 'स्टिकीन'मधून बारीक धूर निघताना दिसला होता, असे पुढे निष्पन्न झाले. पण ज्याने पाहिले त्याला वाटले, ज्याचे त्याला ठाऊक असेल. दोनच्या सुमारास जहाजावरच्यांच्या ध्यानात आले की दोन नंबरच्या खणात आग आहे. बंबांचे दोन पंप आले. धोक्याची मोठी वर्दी त्यांना पोचलीच नव्हती. धक्क्यावर आल्यावर कळले की वरच्या कप्प्यात स्फोटके आहेत. मग आणखी बंब मागवले गेले.

ती आग कशाने लागली, हे सिद्ध झाले नाही. कुणाच्या तरी विडी-सिगारेटची ठिणगी कापसात पडली असावी, असा तर्क. घातपात नव्हता, असे मानतात.

पुढच्या दोन तासांत काय झाले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. तीसएक पाइप लावून नऊशे टनांहून अधिक पाणी त्या खणात सोडले गेले. कापसाची आग, तेव्हा पाणी. नियमाप्रमाणे चुकीचे काही नव्हते. पण दाबून बांधलेल्या गाठीच्या आत पाणी शिरत नाही. वरचा पापुद्रा भिजतो आणि आतला आर तसाच राहतो. शिवाय गाठी पाण्यावर तरंगतात. जसजसे पाणी चढू लागले, तसतशा जळत्या गाठी वर उचलल्या गेल्या, आणि वरच्या कप्प्यात होती ती स्फोटके. विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्यानेच विस्तव दारूगोळ्याच्या जवळ नेऊन ठेवला.

मग खणाची झाकणे घट्ट लावून आत वाफ कोंडावी काय? नुसता कापूस असता तर तो उपाय होता. पण वाफेने स्फोटके तापणार. आणि दारूच्या मिश्रणात स्वतःचा प्राणवायू बांधलेला असतो, हवा तोडली तरी तिचे काही अडत नाही. एकाच खणात दोन परस्परविरोधी जाती. एकीला जो उपाय तोच दुसरीला अपाय. आग नेमकी कुठे आहे तेही दिसेना. जहाजाचा पत्रा एका जागी इतका तापला की तिथला रंग फुगून आला. पत्रा कापण्यासाठी गॅसचे यंत्र आणले, ते ऐनवेळी चालले नाही. एका अधिकाऱ्याचे मत, जहाज इथेच बुडवावे. दुसऱ्याचे मत, समुद्रात ओढून न्यावे. बुडवावे तर गोदीत पाण्याची खोली पुरेशी नाही. शेवटचा हुकूम द्यायचा कुणी, हेही ठरेना. असे प्रसंग आपण लहान प्रमाणावर गावोगावी पाहतो: विहिरीत माणूस पडला आहे आणि काठावर पाच जणांच्या सहा मसलती. या सगळ्या वेळात बंबवाले मात्र आपापल्या पाइपाशी उभे होते.

चार वाजायला दहा मिनिटे असताना जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. चार चौतीसला दुसरा, पहिल्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकाच्या काट्यानेही तो धक्का नोंदवला. शेजारचे 'जलपद्म' नावाचे जवळजवळ चार हजार टनांचे जहाज पाण्यातून उचलून धक्क्यावर आणून टाकले गेले. आकाशातून तापल्या लोखंडाचे तुकडे आणि जळत्या कापसाच्या गाठी मांडवी, मशीद बंदर या दाट वस्तीच्या भागांवर कोसळल्या, आणि जिथे पडल्या तिथे नवी आग. सोन्याची एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्याने ती इमानाने सरकारजमा केली. (गाळ काढताना अशा विटा पुढे कित्येक वर्षे सापडत होत्या, २०११ सालीसुद्धा दोन निघाल्या.) मृतांचा आकडा कुणी आठशे सांगतात, कुणी तेराशे, गोदीतल्या रोजंदारीच्या मजुरांची हजेरी कोण ठेवीत होते? सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली. पन्नास हजार टनांहून जास्त धान्य जळाले, आणि तेही बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेल्याला वर्षही उलटले नव्हते तेव्हा. वृत्तपत्रांवर युद्धाचे निर्बंध. मुंबईची ही बातमी दुसऱ्या दिवशी जगाला सांगितली ती जपान्यांच्या हातातल्या सायगावच्या रेडिओने. आमचा मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्याकडे बातमी कशी आणि केव्हा पोचली असेल, कुणास ठाऊक.

त्या दिवशी बंबखात्याचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि पुढचा आठवडा अग्निसुरक्षेचा. आमच्याकडे १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. निळे झेंडे, मिरवणूक, भीमगीते. त्या गर्दीत हा दुसरा दिन कुणाच्या गावी नसतो. नसो, पण जयंतीच्या मंडपालाही विजेच्या तारा, कापडी झालरी आणि जनरेटरचे डिझेल असतेच, तेव्हा व्यासपीठामागे एक लाल नळकांडे ठेवून दोन्ही गोष्टी एकदम साधता येतील.

आता त्या नळकांड्याकडे वळू. त्याच्या अंगावर अक्षरे असतात. ए म्हणजे लाकूड, कापूस, कागद, कडबा अशी घन वस्तूंची आग, जी मागे निखारा ठेवते. बी म्हणजे पेट्रोल, डिझेल, रंग अशा द्रवांची. सी म्हणजे जळत्या वायूची. डी म्हणजे मॅग्नेशियमसारख्या धातूंची. तिच्यावर पाणी टाकले तर पाण्यातूनच जळणारा वायू सुटतो, म्हणून तिला वेगळी कोरडी भुकटी लागते. युरोपात स्वयंपाकाच्या तेलाला एफ हे वेगळे अक्षर आहे. अमेरिकेचे अक्षरगणित निराळे: तिथे सी म्हणजे वीज आणि कढईतले तेल म्हणजे के. मुलगा अमेरिकेत आणि आई परभणीत असेल, आणि फोनवरून नळकांड्याचा सल्ला चालला असेल, तर हा घोटाळा ध्यानात ठेवावा. आपल्याकडे विजेला स्वतंत्र अक्षर नाही. कारण वीज स्वतः जळत नाही, ती दुसऱ्याला पेटवते. आधी मेन स्विच बंद करावा. मग उरते ती साधी आग. स्विचपर्यंत जाता येत नसेल तर वायू किंवा कोरडी पावडर; पाणी नाही, फेसही नाही, कारण फेस हे शेवटी पाणीच.

घरासाठी एकच घ्यायचे झाले तर एबीसी पावडरचे घ्यावे. जिथे संगणक किंवा विजेची पेटी आहे तिथे कार्बन डायऑक्साइडचे. मात्र ते कोंदट खोलीत वापरून तिथे थांबू नये, आणि त्याच्या शिंगासारख्या तोटीला उघडा हात लावू नये, गारठ्याने कातडी जाते. पावडरच्या नळकांड्यावर दाबाचा काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात हवा. वायूच्या नळकांड्याला बहुधा काटा नसतो. ते तोलून पाहावे लागते. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावे. जागा दाराजवळची असावी. शेगडीच्या डोक्यावर टांगलेले नळकांडे आग लागल्यावर हाती येत नाही. सरकारी कचेऱ्यांतून नळकांडी कुलपाच्या जाळीत ठेवलेली मी पाहिली आहेत; किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला.

वापरताना पाठ दाराकडे ठेवावी, म्हणजे पळायची वाट शाबूत राहते. खिळ ओढावी, तोटी ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे, बुडाकडे धरावी, मूठ दाबावी, आणि झाडू मारल्यासारखी डावी-उजवी फिरवावी. घरगुती नळकांडे दहा-पंधरा सेकंदांत संपते. तेवढ्यात विझली नाही, तर ती तुमच्या हातची नाही. दार ओढून घेऊन बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ लावावा. गॅसच्या आगीत आधी कॉक बंद करावा. कॉक बंद न करता नुसती ज्वाळा विझवली, तर न जळलेला वायू खोलीत साठतो आणि पुढच्या ठिणगीला घर उडते. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

फटाक्यांची जात दारूगोळ्याचीच, आकाराने लहान एवढेच. ती कोंडून मरत नाही, कारण तिचा प्राणवायू तिच्याजवळ. तिला थंडच करावे लागते. म्हणून विझलेल्या फुलबाज्या आणि न उडालेले बार पाण्याच्या बादलीत टाकावेत, आणि बाण उडवताना कडब्याची गंजी वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे.

राहता राहिला कापूस. एबीसीची पावडर पेटत्या कापसावर मारली की ज्वाळा झटकन बसते, आणि पाहणाऱ्याला वाटते, झाले. पण आतला आर जिवंत असतो आणि थोड्या वेळाने तो पुन्हा डोके वर काढतो. वायूचे तर कापसापुढे काहीच चालत नाही. तो उडून जातो, आर राहतो. कापसाला पाणीच हवे, पण ते आत मुरले पाहिजे. त्यासाठी बंबवाले पाण्यात साबणासारखे द्रव्य मिसळतात, म्हणजे तेलकट तंतूतही पाणी शिरते. आणि 'स्टिकीन'च्या बंद खणात जे करता आले नाही, ते कापसाच्या गोदामात करावेच लागते: गाठ बाहेर मोकळ्यावर ओढायची, तिच्या पट्ट्या तोडायच्या आणि थर उलगडून भिजवायची. परभणीहून बंब यायला वेळ लागतो. तोवर गावकऱ्यांनी न जळलेला कापूस दूर हलवावा, जळता कापूस उघड्यावर पसरावा, आणि दोहोंच्या मध्ये रान मोकळे ठेवावे. ज्वाळा गेल्यावरही राखणीला माणूस बसवावा लागतो. त्याने रात्रभर अधूनमधून गाठींवरून हाताची पाठ फिरवायची. दोन दिवस सगळे थंडगार लागते आणि तिसऱ्या दिवशी एखादी गाठ मधोमध कोमट निघते. मग तीही ओढून काढायची, फोडायची आणि पुन्हा भिजवायची.